स्टिरॉइडची पहिली गोळी घेण्याआधी जंत तपासा

संधिवात, दमा, मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण: स्टिरॉइड सुरू करताना साखर आणि रक्तदाब बघतात, क्षयाची चौकशी होते. जंतांचं मात्र क्वचितच कुणी विचारतं. निदान एका जंताचं विचारायलाच हवं, तो म्हणजे स्ट्राँगिलॉइड्स.

बहुतेक जंतांची अंडी शौचावाटे बाहेर पडतात, म्हणून पोटातल्या पोटात त्यांची संख्या वाढत नाही. स्ट्राँगिलॉइड्सची अंडी आतड्यातच फुटतात. काही अळ्या तिथेच तयार होऊन आतड्याची भिंत किंवा गुदद्वाराजवळची कातडी भेदून पुन्हा शरीरात शिरतात. त्यामुळे भातखाचरात अनवाणी चालताना एकदा लागण झाली, तरी ती आयुष्यभर पुरते. दुसऱ्या महायुद्धात बर्मा रेल्वेवर राबवलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांमध्ये हा जंत कित्येक दशकांनंतर सापडला. नितंबांवर खाजरी लाल रेघ उठून तासाभरात काही सेंटिमीटर पुढे सरकत असेल, तर ती कातडीखालून चालणारी अळीच.

प्रतिकारशक्ती ही संख्या आटोक्यात ठेवते. स्टिरॉइड तो लगाम सोडतं. मग असंख्य अळ्या आतड्यातले जिवाणू घेऊन रक्तात, फुफ्फुसांत, मेंदूच्या आवरणापर्यंत जातात. धाप लागते. दमा बळावला असं समजून स्टिरॉइडचा डोस वाढवला जातो, आणि इथेच रुग्ण हातचा जातो. इओसिनोफिल (जंत असताना वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका, स्टिरॉइडमुळेही ते खाली येतात.

शौचाच्या एकाच नमुन्यात हा जंत बऱ्याचदा नजरेतून सुटतो. वेगवेगळ्या दिवशी निदान तीन ताजे नमुने द्या. कल्चर, म्हणजे नमुन्यातल्या अळ्या प्रयोगशाळेत वाढवून बघणं, करायचं असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवू नका, अळ्या जिवंत हव्यात. आगर प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या थाळीवर, त्या सरपटतात आणि त्यांच्या वाटेवर जिवाणूंच्या नागमोडी रांगा उगवतात. सोबत आयजीजी, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची, तपासणीही करा. प्रतिकारशक्ती फारच खालावली असेल तर तीही खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

जंतनाशक दिनाला वाटतात ती अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी याला पुरत नाही. औषध आयव्हरमेक्टिन, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम. प्रतिकारशक्ती कमी असेल तर डॉक्टर सहसा दोन आठवड्यांनी पुन्हा देतात. संसर्ग अंगभर पसरला असेल तर गोळी रोज, शौच आणि थुंकी सलग दोन आठवडे अळीमुक्त येईपर्यंत. गरोदरपणात आणि १५ किलोखालच्या मुलांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चालू स्टिरॉइड मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका. स्टिरॉइड तातडीनं द्यावं लागणार असेल आणि अनवाणी शेतकामाचा इतिहास असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता आयव्हरमेक्टिन देता येईल का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.