आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक

"मॅडम, मी सगळं उडवून टाकलंय," असं म्हणत वडिलांनी फोन माझ्या टेबलावर ठेवला. काचेला कोपऱ्यापासून तिरका तडा गेलेला. शेजारी नववीतला मुलगा मान खाली घालून बसलेला.

प्रकार आता ओळखीचा झालाय. गेममध्ये भेटलेली 'मुलगी', तिथून इन्स्टाग्राम, मग रात्रीचा व्हिडिओ कॉल आणि त्याचं रेकॉर्डिंग. क्लिप आणि फॉलोअर्सची यादी त्यालाच पाठवून पाच हजार मागितले. त्याने आईच्या यूपीआयवरून दोन हजार भरले, तर मागणी आठ हजारांवर गेली. अशा वेळी पैसे भरले की पिच्छा सुटत नाही, वाढतोच.

'उडवलं' म्हणजे नेमकं काय केलं, हे मी आधी विचारते. नुसतं ॲप काढलं असेल तर चिंता नाही. परत टाकून लॉगइन केलं की चॅट जागेवर असतं. चॅट डिलीट केलं तर आपल्याकडचं जातं, आणि मेसेज 'अनसेंड' केले तर दोन्हीकडचे. इथे नशिबाने फक्त ॲप काढलं होतं.

पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तरच ते गोठवले जाण्याची आशा असते. आईच्या ॲपमधून व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक काढून दिला. मग स्क्रीनशॉट. वर दिसणाऱ्या नावाला काही अर्थ नसतो. युजरनेम हवं, तेही बदलता येतं म्हणून प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवायची. चॅट डावीकडे ओढून धरलं की प्रत्येक मेसेजची वेळ दिसते, ती दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यायचा. हे झाल्यावर रिपोर्ट, मग ब्लॉक.

"ती क्लिप माझ्या व्हॉट्सॲपवर घेऊन ठेवू का, पुरावा म्हणून?" वडिलांनी विचारलं. अजिबात नाही. अल्पवयीन मुलाची अशी क्लिप पुढे पाठवणं हाच आयटी कायद्याच्या ६७ब कलमाखाली गुन्हा आहे. पुरावा मूळ फोनमध्येच राहू द्यायचा.

क्लिप त्याच फोनमध्ये असल्याने 'टेक इट डाउन' ही अल्पवयीनांच्या अशा क्लिप हटवायला मदत करणारी ऑनलाइन सेवा तिथूनच वापरता आली. फाइल कुठेही अपलोड होत नाही, तिचा फक्त डिजिटल ठसा जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून जुळणारी फाइल शोधतात. कापलेल्या क्लिपचा ठसा वेगळा पडतो, म्हणून हाती असलेली प्रत्येक आवृत्ती वेगळी द्यावी लागते. व्हॉट्सॲपच्या कूटबद्ध चॅटमध्ये मात्र याचा उपयोग नाही.

पोलिसांचं नाव काढताच वडील गडबडले. "मुलगा आहे हो, त्याला कसला पॉक्सो?" पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, मुलग्यांनाही तितकाच लागू आहे, आणि कलम १९ प्रमाणे मला कळवणं भागच होतं. जबाब घरी घेता येतो, पोलीस गणवेशात येत नाहीत, हे कलम २४ मधलं सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

संध्याकाळी साध्या ड्रेसमधल्या पीएसआय मॅडम घरी आल्या. त्यांनी यूटीआर आणि प्रोफाइलची लिंक आधी मागितली. तोवर फोनवर दोन नव्या अनोळखी खात्यांच्या रिक्वेस्ट येऊन पडल्या होत्या. मुलाने त्या उघडल्या नव्हत्या, आणि पुसल्याही नव्हत्या.