मालक पुण्याचे, मग प्रेक्षक कुठले?

सुट्टीत पुण्याला आले की फुटबॉलची आवड असलेले नातेवाईक मला हमखास एक प्रश्न विचारतात. मी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात राहते, तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २०१० पासून पुण्याच्या व्यंकीज समूहाच्या मालकीचा आहे आणि ब्लॅकबर्न शहरात भारतीय व पाकिस्तानी वंशाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. असे असताना टीव्हीवर सामना पाहताना क्लबाच्या ईवुड पार्क या मैदानाच्या स्टँडमध्ये आशियाई चेहरे इतके कमी का दिसतात? तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण जेवता जेवता दिलेले उत्तर नेहमी अर्धवटच राहते.

पहिली गोष्ट ही, की या शहरातले आशियाई लोक आणि क्लबाचे मालक यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. ब्लॅकबर्न हे विणकरांचे गाव. एके काळी इथल्या मागांवर भारतात विकायची धोतरे विणली जात. दुसऱ्या महायुद्धानंतर गिरण्यांना रात्रपाळीसाठी माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा १९५० आणि १९६० च्या दशकांत गुजरातच्या भरूच व सुरत भागांतून आणि पाकिस्तानातून माणसे आली, त्यांतली बहुतेक मुसलमान. २०२१ च्या जनगणनेनुसार ब्लॅकबर्न विथ डार्वेन या पालिका क्षेत्रातल्या सुमारे १ लाख ५५ हजार लोकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक आशियाई वंशाचे आहेत. पुण्याच्या कोंबडी-व्यवसायातल्या कंपनीने क्लब विकत घेतला म्हणून भरूचहून आलेल्या विणकराच्या नातवाला तो आपला वाटू लागेल, ही अपेक्षा फक्त पुण्यात बसूनच करता येते.

दुसरे कारण भीतीचे आहे आणि ती भीती काल्पनिक नव्हती. स्थलांतरितांना परत पाठवा म्हणणाऱ्या नॅशनल पार्टी नावाच्या पक्षाने १९७६ साली ब्लॅकबर्नच्या पालिकेत दोन जागा जिंकल्या होत्या. त्या काळात देशभरच्या मैदानांबाहेर नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षाची पत्रके आणि वृत्तपत्रे उघडपणे विकली जात, आत कृष्णवर्णीय खेळाडूंवर केळी फेकली जात, आणि वंशद्वेषी घोषणा देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरायला १९९१ उजाडावे लागले. त्या कायद्यातही घोषणा एकट्याने दिली तर गुन्हा होत नव्हता. ती पळवाट बुजवायला आणखी आठ वर्षे गेली. आज साठीत असलेले इथले आशियाई लोक सांगतात, की सामन्याच्या दिवशी गर्दी सुटायच्या वेळेला आई-वडील त्यांना घराबाहेर पाठवत नसत. ज्या मैदानाची ओळखच अशी झाली, तिथे त्यांनी पुढे आपल्या मुलांना बोट धरून नेले नाही, यात नवल नाही.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. इंग्लंडमध्ये क्लबाची निष्ठा घराण्यातून येते, आपल्याकडे एखाद्या घरात वारी येते तशी. आजोबा ज्या स्टँडमध्ये उभे राहत त्याच स्टँडमध्ये बापाचे सीझन तिकीट असते, शेजारच्या खुर्चीवर मूल बसू लागते, आणि कोणत्या गोलावर किती वेळ ओरडायचे, पंचाला कोणत्या शब्दांत संबोधायचे, हे सारे त्याच्या अंगवळणी पडते. १९६५ साली रात्रपाळीला लागलेल्या माणसाला असे नेणारे कोणीच नव्हते. शिवाय सामना शनिवारी दुपारी तीनचा. पुढे गिरण्या बंद पडल्यावर बरीच कुटुंबे टॅक्सी, दुकान किंवा टेकअवेवर चालू लागली आणि त्या धंद्यांत शनिवार म्हणजे कमाईचा वार. आठवड्यातल्या दिवसांत शाळेनंतर मुले मदरशात जातात. सामन्याआधीच्या गप्पा, ओळखी आणि दोस्ती यांचा मोठा भाग पबमध्ये पार पडतो, तिथे दारू न पिणारा माणूस फार तर लिंबूपाणी घेऊन कोपऱ्यात उभा राहतो. तिसऱ्या पिढीने मग फुटबॉल उचलला तो टीव्हीवरून, आणि टीव्हीवर होते मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल. ईवुड पार्कपासून हाकेच्या अंतरावर मुले युनायटेडचा लाल शर्ट घालून खेळताना मी नेहमी पाहते. या मुलांना फुटबॉलचे वेड नाही, आशियाई लोकांना फक्त क्रिकेट कळते, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी रविवारी सकाळी इथल्या कोणत्याही सार्वजनिक मैदानावर अर्धा तास उभे राहावे.

मालकी भारतीय झाल्याने यात फरक पडला का? पडला असेल तर सुरुवातीला उलटाच. २०१२ च्या मे महिन्यात विगनविरुद्ध हरून संघ प्रीमियर लीग या सर्वोच्च साखळीतून खाली गेला, त्या सामन्यात चिडलेल्या चाहत्यांनी क्लबाचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. राग कारभारावर होता आणि माझ्या मते त्याला कारणेही होती. १९९५ साली स्थानिक उद्योगपती जॅक वॉकर यांच्या पैशावर प्रीमियर लीग जिंकलेले हे गाव आहे. पण तो राग शेजारच्या रांगेतल्या सावळ्या माणसाकडे कधी वळेल, याची धास्ती त्या काळात माझ्यासारखीच्या मनात असे.

फरक पडला तो वेगळ्याच वाटेने. २ मे २०२२ रोजी ईवुड पार्कच्या हिरवळीवर ईदची सामुदायिक नमाज झाली; फुटबॉल क्लबाने थेट आपल्या मैदानावर ती भरवण्याची ब्रिटनमधली ती पहिली वेळ होती. तिकीट नाही, सामना नाही, ज्या फाटकासमोरून वर्षानुवर्षे नुसते जाणे-येणे झाले त्यातून शेजारी म्हणून आत जायचे, एवढेच. पुढच्या वर्षी चेल्सीने लंडनमध्ये आपल्या मैदानालगत इफ्तार ठेवला. एका ईदेने खुर्च्या भरत नाहीत, हे मलाही कळते. पण फलकांवरच्या घोषणांपेक्षा अशा गोष्टीने उंबरठ्याची भीती लवकर मोडते, असे मला वाटते.

त्याहून परिणामकारक ठरतात ते आशियाई चाहत्यांचे गट. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये ‘पंजाबी वुल्व्ह्ज’, डर्बीत ‘पंजाबी रॅम्स’, ब्रॅडफर्डमध्ये ‘बांगला बँटम्स’, ज्यात बांगलादेशी वंशाच्या स्त्रियाही मोठ्या उत्साहाने सामन्याला जातात. ब्रॅडफर्ड सिटीचे मैदान मॅनिंगहॅम या आशियाई वस्तीतच आहे, तरी तिथल्या बायकांना आत जायला सोबत लागली, यावरून अंतर मैलांत मोजायचे नसते हे लक्षात येते. फुटबॉलमधल्या भेदभावाविरुद्ध काम करणारी ‘किक इट आउट’ ही संस्था आणि फुटबॉल चाहत्यांची राष्ट्रीय संघटना अशा गटांना मदत करतात. वारसा नसेल तर सोबत तरी हवी, आणि सोबत क्लबाला विकत घेऊन देता येत नाही.

क्लबांच्या समाजकार्याविषयी माझी एक तक्रार आहे. मुलांना एक दिवस प्रशिक्षण, एक फुकट तिकीट, एक छायाचित्र, आणि मग पुढच्या हंगामापर्यंत शांतता, असे बरेचदा चालते. क्लबाचा यात स्वार्थ आहे, असा आरोप होतो तो मात्र मला पटत नाही; ३१ हजारांच्या मैदानात निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या राहत असतील तर शेजाऱ्यांना बोलावण्यात स्वार्थ असणारच, आणि असावा. २०२२ च्या जानेवारीत भारतीय वंशाचा डिलन मार्कंडे रोव्हर्सकडे आला तेव्हा बऱ्याच जणांना वाटले, आता मुले येतील. दुखापतींनी त्याला फारसे खेळू दिले नाही. पण एका खेळाडूच्या खांद्यावर एवढे ओझे टाकणे मुळातच चूक होते.

यावर हमखास येणारा पुढचा प्रश्न असतो, आम्ही आलो तर सामन्याला जावे का. जरूर जावे. तिकीट सहज मिळते, फॅमिली स्टँडमध्ये घ्यावे, गरम कपडे घालावेत. कट्टर प्रतिस्पर्धी बर्नलीविरुद्धचा सामना मात्र पहिलाच म्हणून निवडू नये; त्या दिवशी कानावर पडणाऱ्या शिव्या शेजारच्या गावासाठी असतात, तुमच्या वर्णासाठी नव्हे, हे नवख्या माणसाला ओळखू येत नाही.