तुम्ही विचारलंत म्हणून: मरावंसं वाटतं का, हे तोंडावर विचारायचं?

गावातल्या सभेनंतर, शिक्षकांच्या प्रशिक्षणात, मिरजेत रुग्णाच्या नातेवाइकांजवळ बसले असताना हा प्रश्न हमखास येतो. "मॅडम, असं सरळ विचारलं तर नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं होईल की!"

होत नाही. हे तपासून झालेलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांहून अधिक मुलांवरचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. दोन दिवसांनी पाहिलं, तर विचारलेल्या मुलांत तसे विचार वाढलेले नव्हते. आधीच नैराश्यात असलेल्यांचा त्रास तर कमीच भरला.

आपल्याकडे मात्र घरात कुणी औषध पिऊन वाचला, की थोरली माणसं बजावतात, "विषय काढू नका, विसरेल तो." तो विसरत नाही. आपल्याशी कुणी बोलत नाही, एवढं त्याला कळतं. "तसलं काही मनात नाही ना?" असंही विचारू नये, त्यात उत्तर आपणच देऊन टाकतो. "एवढा त्रास होतोय, तर मरून जावं असं वाटतं का?" असं विचारावं आणि गप्प बसावं. गप्प बसणं जास्त अवघड, त्यातून आपण सांगलीकर.

पण विचारा म्हणजे सगळंच उकरून काढा, असं नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, घरंच्या घरं पाण्यात गेली. अशा वेळी माणसाला लगेच समोर बसवून "सांगा, काय काय पाहिलंत" म्हणत एका बैठकीत सगळं वदवून घ्यायची एक पद्धत होती. अभ्यासात ती टिकली नाही. काहींचा त्रास उलट वाढला. जेवलात का, झोप लागते का, सोबत कोण आहे, एवढंच विचारावं. पाण्याची गोष्ट तो त्याला हवी तेव्हा सांगेल. मरणाच्या विचाराबद्दल विचारायला मात्र थांबू नये.

आणि उत्तर "हो" आलं तर? उपदेश नको. "पोरांची शपथ आहे तुला" हे तर नकोच नको. एकटं सोडायचं नाही, आणि डॉक्टर गाठायचा. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेचा, फोन मोफत लागतो. द्राक्षपट्ट्यातलं घर असेल तर फवारणीची औषधं कुठे ठेवता, हे मी आधी विचारते. ती कुलपात हवीत आणि किल्ली दुसऱ्याकडे. "ज्याला मरायचंय तो काही ना काही करणारच," असं ऐकवणारे भेटतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. ती तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोडा वेळच टिकते. तेवढ्यात हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो.

प्रयत्नातून वाचलेला माणूस दवाखान्यातून घरी परतल्यानंतरचे महिने आपण सोडून देतो, याची मला जास्त काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी, प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांवर अभ्यास केला. जवळपास निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याखेरीज तासभर बोलणं झालं, आणि पुढे दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. आत्महत्येने पहिल्या गटातले १८ गेले, दुसऱ्यातले २. महागडं यंत्र नाही, नवी गोळी नाही.

"पण फोन करून बोलायचं काय?" नातेवाईक विचारतात. छाटणी झाली का, पोरीची परीक्षा कधी, काहीही. आणि मध्येच तोच प्रश्न पुन्हा, तितकाच सरळ.