एका केबलचा टोन दोन ठिकाणी वाजला तेव्हा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना. ऑफिसातला जुना नेटवर्क रॅक काढून नवा बसवायचा होता. १०० एमबीपीएसचा स्विच जाऊन गिगाबिट पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच वीजही देणारा) येणार होता आणि शिलाई, पॅकिंग, स्टोअर, गेटची केबिन अशा सगळ्या आउटलेटना नंबर द्यायचे होते. रॅकमध्ये २४ पोर्टचे दोन पॅच पॅनेल, म्हणजे आउटलेटकडून आलेल्या केबल जिथे संपतात त्या पट्ट्या, शेजारी भिंतीवर इंटरकॉमचा क्रोन बॉक्स, म्हणजे फोनच्या तारा जोडायचा डबा, आणि धड वाचता येईल असं लेबल एकाही केबलवर नाही. कधीकाळी चिकटपट्ट्यांवर पेनाने आकडे घातलेले दिसत होते. पण पत्र्याखालचा उन्हाळा आणि सगळीकडे उडणारे सुताचे तंतू यांत गोंद सुकून निम्म्या पट्ट्या गळून पडल्या होत्या आणि उरलेल्यांवर नुसता डाग राहिला होता.

अशा ठिकाणी टोनर आणि प्रोब लागतोच. टोनर केबलच्या एका टोकाला लावला की तो तारेवर एक किलोहर्ट्झच्या आसपासचा, वरखाली होणारा आवाज सोडतो. प्रोबचं टोक दुसऱ्या बाजूला केबलजवळ नेलं की इन्सुलेशन न सोलता तो आवाज स्पीकरवर ऐकू येतो. उपकरण सोपं आहे, पण ते जे ऐकवतं त्याचा अर्थ लावणं तेवढं सोपं नाही.

काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घेतलं, त्याला कारण आहे. लूम चालू असताना त्यांचे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह), ट्यूबचे चोक, एलईडीचे ड्रायव्हर या सगळ्यांची भुणभुण प्रोबमध्ये शिरते आणि टोन तिच्यात बुडून जातो. ५० हर्ट्झचा गुणगुणाट कापणारा फिल्टर चांगल्या प्रोबमध्ये असतो, पण ड्राइव्हच्या कचऱ्यापुढे तोही पुरा पडत नाही. सुट्टी मिळत नसेल तर निदान जेवणाच्या सुट्टीत तरी विभागाचा सप्लाय बंद करून घ्यावा. टोनर आणि प्रोब दोन्हींत ९ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली की टोन बारीक येतो आणि आपण उगाच केबलवर संशय घेत बसतो. म्हणून सुरुवातीलाच नव्या बॅटऱ्या टाकायच्या.

पुढची गोष्ट म्हणजे केबल दोन्ही टोकांना मोकळी करणं. स्विचला लागलेल्या केबलवर साधा ॲनालॉग टोनर नीट चालत नाही. स्विचच्या पोर्टमधला ट्रान्सफॉर्मर आणि टर्मिनेशन टोन खाऊन टाकतात, आणि पोर्ट पीओई असेल तर टोनरच जायची भीती. इंटरकॉमच्या जोडीवर डीसी व्होल्टेज असतंच, शिवाय घंटी वाजताना साधारण ७५ व्होल्ट एसी येतो. म्हणून आम्ही इंटरकॉमचं एक्स्चेंज बंद केलं, क्रोनवरचे त्याच्या बाजूचे जम्पर, म्हणजे जोडतारा, काढले, आणि मल्टीमीटर लावून शून्य दिसल्यावरच टोनरला हात घातला. २३० व्होल्टच्या चालू वायरिंगवर हा टोनर कधीही लावू नये. त्या कामाचं यंत्र वेगळं येतं.

पॅनेलवर शोधायची पद्धत अशी: प्रोबचा आवाज पूर्ण ठेवून आधी सगळ्या गठ्ठ्यावरून एकदा फिरवायचा. टोन कुठल्या भागात आहे ते कळलं की आवाज कमी करत जायचं आणि केबल एकमेकींपासून सुट्या करत जायचं. साठ-सत्तर मीटर एकाच ट्रेमधून शेजारी शेजारी आलेल्या केबलमध्ये टोन उतरतोच, त्यामुळे चार-पाच केबल एकदम वाजतात. सर्वांत मोठ्याने वाजणारी ती आपली, हा नियम बहुतेक वेळा बरोबर निघतो. पण शिलाई विभागात तो पुरला नाही.

तिथल्या सुपरवायझरच्या टेबलामागच्या आउटलेटला टोनर लावला. रॅकपाशी उभ्या असलेल्या मुलाने फोनवरून सांगितलं, "दादा, पॅनेलवर बारीक वाजतंय, आणि ह्या क्रोनच्या डब्यात लई मोठ्यानं वाजतंय की ओ."

नेटवर्कच्या आउटलेटचा टोन टेलिफोनच्या बॉक्समध्ये? टोन शेजारून उतरला म्हणावं तर तो क्रोनवर पॅनेलपेक्षा जोरात होता. मग एक तर केबल कुठेतरी समांतर जोडलेली असणार, नाहीतर तिच्या जोड्या फोडून दोन ठिकाणी नेलेल्या असणार. नुसतं ऐकून याचा निकाल लागत नाही. तो शॉर्ट करून, म्हणजे दोन तारा एकमेकींना टेकवून, लावावा लागतो.

टोनर एकाच जोडीच्या दोन तारांवर लावलेला असेल, तर दुसऱ्या टोकाला प्रोब एका तारेवर धरला की वाजतो, दोन्हींच्या बरोबर मधोमध धरला की आवाज जवळजवळ बंद पडतो, आणि दुसऱ्या तारेवर पुन्हा वाजतो. ही पहिली खूण. दुसरी खूण म्हणजे त्या दोन तारा तिथेच एकमेकींना टेकवल्या की टोन मरतो. शेजारून आलेला टोन असेल तर टेकवून काहीच फरक पडत नाही. जुने टेलिफोन लाइनमन हे डोळे मिटून करत, आणि माझ्या मते एवढी खात्री झाल्याशिवाय केबलवर नंबर घालूच नये.

नेटवर्कच्या केबलमध्ये तारांच्या चार रंगीत जोड्या असतात: निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. आमच्या टोनरचा आरजे४५ (नेटवर्क केबलचा) प्लग ४ आणि ५ या पिनांवर, म्हणजे निळ्या जोडीवर टोन सोडतो. सगळ्या टोनरचं तसंच असतं असं नाही, आपल्याजवळच्या यंत्राचं पाहून घ्यावं. क्रोनवर निळी जोडी शॉर्ट केली, टोन मेला. पॅनेलमागे त्या पोर्टचे ४ आणि ५ शॉर्ट केले, काहीही बदल नाही. मग प्लग काढून क्लिपा थेट नारिंगी जोडीवर लावल्या. आता पॅनेल खणखणीत वाजायला लागलं, शॉर्ट केल्यावर गप्प झालं, आणि क्रोनवर जेमतेम कुजबुज उरली. हिरव्या जोडीचंही तेच. तपकिरी जोडी दोन्हीकडे वाजली नाही.

फेसप्लेट उघडल्यावर सगळा उलगडा झाला. वेगळी फोनची केबल ओढायचं वाचवण्यासाठी एकाच कॅट-५ई मध्ये दोन कामं बसवली होती. नारिंगी आणि हिरवी जोडी डेटाला, निळी जोडी जॅकवर पंच करून (खाचेत दाबून बसवून) तिथूनच शेजारच्या आरजे११ डबीत, आणि तपकिरी जोडी मागे गुंडाळून छाटलेली. रॅकच्या बाजूला बाहेरचं आवरण हातभर सोलून निळी जोडी क्रोनकडे वळवली होती. पॅनेलवरचा बारीक आवाज आला तो याच आवरणात निळीला चिकटून धावणाऱ्या नारिंगी-हिरव्या जोड्यांतून.

१०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. मात्र वेग ठरवण्याची बोलणी १-२ आणि ३-६ या पिनांवरच, म्हणजे नारिंगी आणि हिरव्या जोडीवरच होतात, म्हणून अशा केबलवर दोन्ही बाजू गिगाबिटवर राजी होतात आणि मग एकतर लिंक उभीच राहत नाही, नाहीतर नेटवर्क कार्ड स्वतःहून १०० वर उतरतं. नवा स्विच बसवल्यावर "आधी चालत होतं, आता चालत नाही" ही तक्रार इथूनच आली असती. सर्वांत वाईट उपाय म्हणजे घाईने निळी जोडी क्रोनवर तशीच ठेवून पॅनेललाही समांतर जोडणं. मग घंटीचं व्होल्टेज स्विचच्या पोर्टपर्यंत जातं, आणि कॅमेऱ्यासाठी कुणी रॅकमध्ये स्वस्तातला पॅसिव्ह पीओई इंजेक्टर लावला तर ४-५ वरचा त्याचा डीसी थेट एक्स्चेंजच्या कार्डात. पॅसिव्ह इंजेक्टर समोर काय आहे ते विचारत नाही, सरळ सप्लाय सोडतो.

हे एकाच आउटलेटपुरतं असेल असं धरता येत नव्हतं. म्हणून सगळ्या आउटलेटवर चारही जोड्यांना वेगवेगळा टोन देऊन, दोन्ही खुणा पाहून तपासलं. अशा फोडलेल्या आणखी केबल पॅकिंग विभागात सापडल्या. अशा सगळ्या ठिकाणी फोनसाठी स्वतंत्र केबल ओढली, आणि जुन्या केबलचं आवरण ताज्या जागी कापून चारही जोड्या टी५६८बी या रंगांच्या ठरलेल्या क्रमाने पुन्हा पंच केल्या. जुनी केबल आखूड पडली तिथे जोड दिला नाही, नवी कॅट-६ टाकली.

स्टोअरच्या एका केबलची गोष्ट वेगळी. तिचा टोन रॅकपर्यंत पोचतच नव्हता, म्हणजे मध्ये तुटलेली. टोन तुटलेल्या तारेवरही तुटलेल्या जागेपर्यंत जातो, त्यामुळे प्रोब घेऊन केबलच्या वाटेने चालत जायचं आणि आवाज कुठे संपतो ते पाहायचं. यासाठी टोनर एकाच जोडीच्या दोन तारांवर लावू नये. जोडीला पीळ असल्यामुळे दोन तारांचे परिणाम एकमेकांना मारतात आणि भिंतीबाहेर काहीच ऐकू येत नाही. लाल क्लिप तुटलेल्या तारेला, काळी क्लिप अर्थिंगला. त्याच केबलमधल्या ज्या तारा शाबूत आहेत त्याही अर्थिंगला बांधायच्या, नाहीतर टोन त्यांच्यावर उडी मारून तुटलेल्या जागेच्या पलीकडेही वाजत राहतो आणि आपण पुढेच जात राहतो. लोखंडी पाइपात मात्र बाहेरून आवाज येत नाही, पाइपाच्या दोन तोंडांवरच ऐकावं लागतं. इथे पीव्हीसी पट्टी होती. डाय हाउसच्या (रंगाई विभागाच्या) भिंतीतून पट्टी पलीकडे जाते त्या भोकापाशी टोन वीतभर अंतरात विरला. पट्टीचं झाकण काढलं तर उंदराने कुरतडलेली केबल, आणि भोवती तिच्याच आवरणाचे निळे कण.

लेबल लावताना चिकटपट्टी वापरली नाही. पंच करण्याआधीच प्रत्येक केबलवर छापील हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवली, आउटलेटच्या बाजूला आणि पॅनेलच्या बाजूला तोच नंबर: शिलाईला एसएच, पॅकिंगला पीके, स्टोअरला एसटी. क्रोनवरच्या जोड्यांना वेगळी मालिका दिली, आणि डेटाच्या केबलमधून आता एकही जोडी क्रोनकडे जात नाही अशी नोंद रॅकच्या दारात चिकटवलेल्या तक्त्यावर केली.