पाच पदके, चार हिशेब

३१ जुलै २०१२ च्या संध्याकाळी आमच्या वृत्तपत्राच्या कार्यालयात क्रीडा पानांकडे लक्ष द्यायला कोणालाच सवड नव्हती. उत्तर भारतातील वीजजाळे सलग दुसऱ्या दिवशी कोसळले होते आणि पहिले पान तीन वेळा मोडून पुन्हा लावले जात होते. लंडन ऑलिंपिक ऐन भरात असले, तरी गगन नारंगच्या आदल्या दिवशीच्या कांस्यपदकाचा पाठपुरावा आणि भारतीय खेळाडूंच्या त्या दिवशीच्या लढती यांतच आमची जागा संपत होती. पुरुषांच्या कनू स्लालमच्या अंतिम फेरीसाठी वृत्तसंपादकांनी सिंगल कॉलममध्ये आठ ओळी राखल्या होत्या, त्याही जागा उरली तर.

मी तेव्हा क्रीडा डेस्कवर उपसंपादक होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्या वर्षी भारतातील प्रेक्षकांसाठी यूट्यूबवर थेट प्रक्षेपण खुले केले होते, त्यामुळे लंडनजवळच्या ली व्हॅली केंद्रातली ती शर्यत मला कामाच्या संगणकावरच पाहता आली. सुमारे ३०० मीटर लांबीचा कृत्रिम प्रवाह, त्यात साडेपाच मीटरची उतरण, आणि पाण्यावर तारांना टांगलेल्या खांबांच्या जोड्या, म्हणजे गेट. हिरव्या गेटमधून प्रवाहाबरोबर जायचे, लाल गेटमधून मात्र उलट वळून, प्रवाहाच्या विरुद्ध चढून जायचे. खांबाला वल्हे, होडी किंवा अंग नुसते निसटते लागले तरी वेळेत दोन सेकंदांची भर पडते. गेट चुकले तर पन्नास सेकंदांची. सी-१ प्रकारात खेळाडू होडीत गुडघ्यांवर बसतो आणि त्याच्या वल्ह्याला एकच पाते असते, म्हणून दुसऱ्या बाजूला जोर लावायचा झाल्यास त्याला कंबरेतून वळून वल्हे होडीवरून पलीकडे न्यावे लागते. स्लोव्हाकियाचा मिखाल मार्टिकान हे करताना त्याच्या खांद्यांची रेषा जवळजवळ होडीला समांतर होत असे आणि त्याच क्षणी डोके खांबाखालून सुटलेले असे. तेहतिसाव्या वर्षी तो हे करत होता.

फ्रान्सच्या टोनी एस्तांगेने ९७.०६ सेकंदांत सुवर्ण जिंकले, जर्मनीच्या सिडेरिस तासिआदिसने ९८.०९ सेकंदांत रौप्य, आणि मार्टिकानने ९८.३१ सेकंदांत कांस्य. वृत्तसंस्थेची कॉपी आली, ती एस्तांगेच्या तिसऱ्या सुवर्णपदकाची होती, आणि ते योग्यही होते. मार्टिकान मात्र शेवटच्या वाक्यात उरला होता: ‘कांस्यपदक स्लोव्हाकियाच्या मार्टिकानला मिळाले.’ पाच सलग ऑलिंपिकमध्ये एकाच प्रकारात पाच पदके मिळवणाऱ्या खेळाडूची अशी बोळवण मला पटेना. स्लालममध्ये पाच ऑलिंपिक पदके तोवर कोणाच्याच नावावर नव्हती.

मी एक तक्ता करून वृत्तसंपादकांसमोर ठेवला. १९९६ अटलांटा, सुवर्ण, १५१.०३. २००० सिडनी, रौप्य, २३३.७६. २००४ अथेन्स, रौप्य, १८९.२८. २००८ बीजिंग, सुवर्ण, १७६.६५. २०१२ लंडन, कांस्य, ९८.३१.

त्यांनी चष्मा वर सारून आकडे पाहिले आणि विचारले, “अगं, हा माणूस सिडनीत २३३ सेकंद घेतो आणि लंडनमध्ये ९८, तरी त्याला कांस्यच कसे?”

त्या एका प्रश्नाने मला माझी बातमी दिली. “सर, प्रवाह तर दर वेळी वेगळा असतोच, पण वेळ मोजण्याची रीतसुद्धा बदलत गेली आहे,” मी म्हणाले. अटलांटात दोन फेऱ्यांपैकी जी चांगली ती धरली गेली. सिडनीत अंतिमच्या दोन्ही फेऱ्यांची बेरीज झाली. अथेन्स आणि बीजिंगमध्ये उपांत्य आणि अंतिम फेरीची बेरीज झाली. लंडनमध्ये अंतिम फेरी एकदाच, आधीचे सारे पुसून. एका फेरीत बिघडले तर दुसरीत भरून काढणारा खेळाडू वेगळा असतो, बेरजेत टिकणारा वेगळा आणि एकाच संधीत सारे लावणारा वेगळा. हा मनुष्य चारही हिशेबांत व्यासपीठावर उभा राहिला. माझ्या मते बीजिंगच्या सुवर्णापेक्षा लंडनचे कांस्य मोठे, आणि त्याचे कारण हेच.

ते म्हणाले, “अटलांटाचे सांग.” अटलांटा ऑलिंपिकची स्लालम शर्यत टेनेसी राज्यातील ओकोई नदीवर झाली होती. मार्टिकान तेव्हा सतरा वर्षांचा होता; वाह नदीकाठच्या लिप्टोव्स्की मिकुलाश या गावचा, वडिलांच्या हाताखाली शिकलेला. त्याने ०.१४ सेकंदाने मागे टाकले ते लुकाश पोलेर्टला, ज्याने १९९२ मध्ये चेकोस्लोव्हाकियासाठी याच प्रकारात सुवर्ण जिंकले होते आणि जो आता चेक प्रजासत्ताकाकडून उतरला होता. स्वतंत्र स्लोव्हाकियाचे वय तेव्हा साडेतीन वर्षे, आणि हे त्या देशाचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यपदकाचे मोल ज्या मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही, त्याला हे लगेच कळेल, असे मी आग्रहाने म्हणाले. (तिसरा आला होता पात्रीस एस्तांगे, टोनीचा थोरला भाऊ. त्या घराशी मार्टिकानची गाठ सोळा वर्षे पडत राहिली.)

अथेन्सचा प्रसंग मी विस्ताराने लिहिला. जुन्या विमानतळाच्या जागेवर बांधलेला तो प्रवाह समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा होता. अंतिम फेरी संपली तेव्हा मार्टिकान जिंकला असेच सर्वांना वाटले. मग पंचांनी चित्रफीत पुन्हा पाहिली, एका खांबाला स्पर्श झाल्याचे ठरवले, दोन सेकंद वाढले आणि एस्तांगे ०.१२ सेकंदाने पुढे गेला. चार वर्षांनी बीजिंगच्या उद्घाटन सोहळ्यात फ्रान्सचा ध्वज एस्तांगेच्या हाती होता, पण तो अंतिम फेरीपर्यंत पोहोचू शकला नाही, आणि सुवर्ण मार्टिकानकडे परतले.

वृत्तसंपादकांनी खालची जाहिरात कोणत्या पानावर हलवता येईल हे विचारून घेतले आणि मला तीन कॉलमांचा अँकर, म्हणजे पानाच्या तळाशी ठळक लागणारा मजकूर, दिला. डाक आवृत्तीचे पान सुटायला थोडाच वेळ होता, म्हणून तेथे आठ ओळीच गेल्या. शहर आवृत्तीत मजकूर तक्त्यासह पूर्ण आला. तक्त्यात एक जादा रकाना मी हट्टाने घातला, ‘वेळ कशी मोजली’. पानावर बसवताना तो काढून टाकण्याची सूचना दोनदा आली, पण तो रकाना नसता तर उरलेले आकडे वाचकाची दिशाभूल करणारे ठरले असते, म्हणून मी छायाचित्र अर्ध्या कॉलमाने लहान केले.

एस्तांगेने त्याच वर्षी निवृत्ती घेतली. पुढे पॅरिस २०२४ च्या संयोजन समितीचे तो अध्यक्षपद भूषवणार होता. मार्टिकान खेळत राहिला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी स्लोव्हाकियाची सी-१ मधील एकमेव जागा मातेय बेन्युशला मिळाली आणि त्याने रौप्य जिंकले. ती बातमीही माझ्याच हाती आली. बेन्युशला आपल्याच देशात मार्टिकानच्या पुढे जाऊन ही जागा मिळवावी लागली होती, हे मी पहिल्याच परिच्छेदात घातले आणि वृत्तसंपादकांनी त्यातील एकही शब्द कापला नाही.