वडिलांना आवडेल असा कॉन्चेर्टो

अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास यांच्या वडिलांचे बाल्टिमोरमध्ये रेकॉर्डचे दुकान होते. ज्या रेकॉर्ड खपत नसत त्या बेन ग्लास घरी आणून ऐकत, कारण गिऱ्हाईक त्यांना हात का लावत नाही हे त्यांना समजून घ्यायचे असे. आणि ऐकता ऐकता त्या न खपणाऱ्या आधुनिक संगीताची गोडी त्यांनाच लागली. दुकानदार म्हणून हे कितपत शहाणपणाचे होते कोण जाणे! व्हायोलिनचे जुने, गाजलेले कॉन्चेर्टोही, म्हणजे एका वादकाला पुढे ठेवून वाद्यवृंदासह वाजवायच्या रचनाही, त्यांच्या आवडीच्या होत्या. १९७१ मध्ये ते वारले, आणि १९८७ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, ग्लास यांनी आपला पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो वडिलांना आवडला असता असा करायचा म्हणून लिहिला.

‘हे गृहस्थ तेच तेच वाजवायला लावतात’ अशी ग्लास यांच्याविषयी नेहमीची तक्रार असते. ती खोटी नाही. पण या कॉन्चेर्टोचा दुसरा भाग ऐकताना ती मला अपुरी वाटते. तबल्याच्या एकलवादनात लेहरा, म्हणजे साथीची धून, त्याच चालीने फिरत राहावा आणि त्याच्या भरवशावर तबल्याने मोकळे व्हावे, तशी येथे खालच्या सुरांत उतरत जाणारी एक ओळ पुन्हा पुन्हा येते आणि तिच्यावर व्हायोलिन सावकाश उलगडत जाते. हे साम्य अगदीच माझ्या कानांचे खेळ नसावेत. साठच्या दशकात पॅरिसमध्ये ग्लास एका चित्रपटासाठी रविशंकर यांचे संगीत पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवत होते. आघात चुकीच्या जागी पडत असल्याचे तबलावादक अल्लारखाँ त्यांना वारंवार सांगत राहिले, तेव्हा अखेर त्यांनी स्वरांमधल्या, तालाचे माप पाडणाऱ्या उभ्या रेषाच पुसून टाकल्या.

तिसरा भाग मला तितकासा भिडत नाही. त्यातली धावपळ ऐटबाज आहे, एवढेच. शेवट मात्र संथ आणि उंच सुरांत होतो. तशी इच्छा पहिले वादक पॉल झुकोफ्स्की यांची होती, आणि त्यांचे ऐकले गेले हे बरे झाले.

२००९ च्या दुसऱ्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत संगीतकार आणि वादक यांचे असे जमले नाही. त्याचे नाव अमेरिकेतील चार ऋतूंवरून ठेवलेले, पण कोणता भाग कोणत्या ऋतूचा यावर ग्लास आणि रॉबर्ट मॅकडफी यांचे एकमत होईना; म्हणून भागांना ऋतूंची नावे न देता तो निवाडा श्रोत्यांवर सोपवण्यात आला. आमच्या घरी तो अजून लागलेला नाही.