मग दही का घालत नाहीस?

आमचं घर कोल्हापुरात, गंगावेशीजवळ. कट्ट्यावर म्हशी उभ्या, समोर धार काढून फेसाळ पेला हातात. अशा ठिकाणी माझ्या चार वर्षांच्या पोराला दुधाची ॲलर्जी. परवा शेजारच्या मावशींनी नेहमीचाच प्रश्न टाकला, "आतड्यातलं जंतू बिघडलं की ॲलर्जी होती म्हणत्यात. मग रोज दही घाल की!"

मावशी, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जंतूंचं खरं आहे. 2019 साली शिकागोच्या संशोधक कॅथरिन नागलर यांच्या गटानं, पोटात एकही जंतू नसलेल्या उंदरांना तान्ह्या बाळांच्या शीतले जंतू दिले. (हो, शीतले. नाक मुरडू नका.) मग त्यांना दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी जडवून बघितली. निरोगी बाळांचे जंतू मिळालेले उंदीर तगले, ॲलर्जीवाल्या बाळांचे मिळालेल्यांना जोराची रिॲक्शन आली. 2014 साली शेंगदाण्यावर त्यांनीच दाखवलं होतं की क्लॉस्ट्रिडिया गटातले जंतू उंदरांच्या आतड्याचं अस्तर घट्ट ठेवतात, मग दाण्याचं प्रथिन रक्तात कमी झिरपतं.

पण दह्यातले जंतू ते नव्हेत. आणि विरजण लावलं म्हणून दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कुठं जातं? ज्यांना दूध पचत नाही, पोट फुगतं, त्यांना दही सोसतं, कारण तिथं भांडण दुधातल्या साखरेशी असतं. आमचं प्रथिनाशी आहे. "म्हशीचं देऊन बघ" यालाही तेच उत्तर, प्रथिनं जवळपास सारखीच.

तो दहा महिन्यांचा असताना एका लग्नात कुणीतरी कौतुकानं चमचाभर मठ्ठा चाटवला. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वासाला शिट्टी लागली. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनलिन टोचलं, तेव्हा कुठं पोर रडायला लागलं. ते रडणं ऐकून मी तिथंच खाली बसले.

"सिझर झालं म्हणून असेल," असंही ऐकवतात. सिझरनं, अँटिबायोटिकनं बाळाच्या पोटातले जंतू बदलतात, कबूल. पण माझ्या पोराला त्यामुळंच झालं, असं सांगणारी टेस्ट नाही. सासरच्या बायकांकडे मात्र आहे.

पांढरा रस्सा तेवढा तो वाटी तोंडाला लावून पितो. पाहुणे दचकतात, "अगं, दूध!" आमच्याकडे तो नारळाच्या दुधाचा असतो.